फ्रंटडोअर जोडलं जातं, पण बंडल दरवेळी त्याच जागी अडकतं

फिडोनेट हे बीबीएसनी (फोनवरून जोडायच्या संगणक-फलकांनी) एकमेकांना मेल पोचवायचं जाळं, आणि मेलर म्हणजे फोन लावून ती मेल देणारा-घेणारा प्रोग्राम. डॉसच्या काळातले हे मेलर आज इंटरनेटवरून चालवणाऱ्यांची ही तक्रार; लक्षण बहुतेकांकडे सारखंच असतं. मेलर फ्रंटडोअर असो, बिंकलेटर्म असो की डी'ब्रिज, इंटरनेटवरून अपलिंकला, म्हणजे आपल्याला मेल पुरवणाऱ्या सिस्टिमला, फोन लागतो. पडद्यावर कनेक्ट येतं. एम्सी हँडशेक, म्हणजे दोन मेलरची सुरुवातीची ओळख, पार पडतो. समोरच्या सिस्टिमचं नाव, सिसॉपचं (ती चालवणाऱ्याचं) नाव, गाव, सगळं व्यवस्थित दिसतं. झेडमोडेम हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल सुरू होतो आणि मेलचं झिप बंडल थोडंसं सरकलं की सीआरसी एरर, म्हणजे आलेला तुकडा तपासणीत चुकीचा निघतो. मेलर मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पाठवतो, पुन्हा तीच एरर, आणि शेवटी लाइन तुटते. पुढच्या पोलला (मेल घ्यायला लावलेल्या फोनला) बंडल पुन्हा तिथेच थांबतं. मग माणूस बॉड रेट बदलून पाहतो, ब्लॉकचा आकार कमी करतो, इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांमध्ये) काहीबाही घालतो. त्याने फरक पडत नाही, कारण बिघाड मेलरमध्ये नसतोच. तो मेलर आणि इंटरनेट यांच्या मधल्या थरात असतो, आणि हँडशेक का चालतो पण बंडल का अडकतं याचं उत्तरही तिथेच आहे.

टॉम जेनिंग्ज यांनी 1984 मध्ये फिडोनेट सुरू केलं तेव्हापासून पुढची बरीच वर्षं मेलर थेट मोडेमशी बोलत. मधे असायचा तो फक्त सीरिअल पोर्ट सांभाळणारा फॉसिल ड्रायव्हर, म्हणजे एक्स00 किंवा बीएनयू. मोडेमची लाइन आठही बिट जसेच्या तसे पलीकडे पोचवायची आणि मेलर त्या भरवशावर लिहिलेला होता. आज त्याच मेलरखाली फॉसिल आहे, त्याखाली एक खोटा मोडेम आहे (डॉसबॉक्सचा आतला मोडेम, लिनक्सवरचा टीसीपीसर किंवा विंडोजवरचा नेटफॉस), आणि त्याखाली बऱ्याचदा टेलनेट हा दूरच्या संगणकाशी बोलायचा जुना इंटरनेट प्रोटोकॉल आहे. यातला प्रत्येक थर मेलरला थोडंथोडं खोटं सांगतो. कोणाचं खोटं महागात पडतंय ते शोधायचं आहे, एवढंच.

आधी एक साधी खात्री करून घ्या: तुम्ही बरोबर पोर्टवर फोन लावताय ना? हँडशेकही होत नसेल तर नव्याने सुरुवात करणाऱ्यांची गाडी इथेच अडलेली असते. आजचे बहुतेक नोड (जाळ्यातल्या सिस्टिम) बिंकपी हा इंटरनेटसाठीचा मेल-प्रोटोकॉल बोलतात, पोर्ट 24554. फ्रंटडोअरला बिंकपी येत नाही. त्याला एम्सी येतं, फार तर यूहू, नाहीतर सगळ्यात जुना एफटीएस-0001. त्यामुळे 24554 वर फोन लावला की कनेक्ट येतं आणि पुढे दोघेही आपापल्या भाषेत बोलत बसतात. नोडलिस्टमधले, म्हणजे सगळ्या नोडच्या यादीतले, फ्लॅग बघा. आयबीएन म्हणजे बिंकपी, आयटीएन म्हणजे टेलनेट, आयएफसी म्हणजे इफसिको, आयव्हीएम म्हणजे ओएस/2 च्या काळातला व्हीमोडेम. पत्ता आयएनए फ्लॅगमध्ये असतो आणि फोनच्या रकान्यात बऱ्याचदा 'अप्रकाशित' अशा अर्थाचा शब्द नाहीतर नुसती शून्यं असतात.

नोडलिस्टवर विश्वास नसेल (आणि नसावाच, सगळे सिसॉप ती वेळेवर दुरुस्त करून पाठवत नाहीत) तर साध्या टेलनेट क्लायंटने त्या पोर्टला जोडून बघा. समोर मेलर उचलणारा असेल तर दोन तारे आणि एम्सी_आरईक्यूए77ई अशी ओळ दिसेल. जुन्या मेलरला नेमकी तीच हवी असते. विचित्र चिन्हांच्या अधेमधे एसवायएस, झेडवायझेड, एलओसी, व्हीईआर असे शब्द दिसले तर ते बिंकपी आहे, तिथे फ्रंटडोअरचं काम नाही. आणि लॉगिनचं नाव विचारणारा बीबीएसचा पडदा थेट आला, तारेवाली ओळ आलीच नाही, तर त्या पोर्टमागे मेलर बसवलेलाच नाही. अपलिंकला विचारा.

जुन्या बॅकअपमधून सेटअप उचलणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. भारतातल्या बीबीएसचे पत्ते आशियाच्या झोन 6 मध्ये होते. तो झोन 2007 मध्ये मोडीत निघाला आणि उरलेले नोड झोन 3 मध्ये गेले. मुंबईतल्या एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर 6 ने सुरू होणारा पत्ता सापडला तर आठवण म्हणून जपून ठेवा, पण त्या पत्त्याने आज कोणी सेशन देईल अशी अपेक्षा ठेवू नका. पॉइंट म्हणून, म्हणजे एखाद्या नोडच्या हाताखालचा सदस्य म्हणून, नवा पत्ता मागून घ्या.

आता नंबर. जुन्या मेलरचा फोनचा रकाना आकडे आणि आडव्या रेघांसाठी केलेला आहे, डोमेन नावासाठी नाही. काही मेलर अक्षरं गाळतात, काही लांब नाव मधेच कापतात. टीसीपीसरमध्ये एखादा खोटा नंबर घेऊन तो अमुक पत्त्याला आणि पोर्टला जोडा असं सांगता येतं. डॉसबॉक्सच्या नव्या शाखांमध्ये त्यासाठी फोनबुकची फाइल असते. साध्या डॉसबॉक्समध्ये एक सोय आहे जी फारशी कोणाला माहीत नसते: आयपी पत्त्याचा प्रत्येक भाग तीन आकडी करून सलग बारा आकडे डायल केले की तो स्वतःच मधे टिंबं घालून घेतो. म्हणजे 10.0.0.5 साठी 010000000005. त्यापुढे आकडे दिले तर ते पोर्ट धरले जातात, नाहीतर पोर्ट 23. फक्त मेलरमधली 'नंबरच्या सुरुवातीचं अमुक कापा, तमुक लावा' ही भाषांतराची सारणी आधी रिकामी करा. एसटीडी कोड कापायला लिहिलेला तो जुना नियम आयपी पत्त्याचं डोकं उडवतो.

कॅरिअर आणि वेगाबद्दल थोडक्यात. मोडेमने कॅरिअरची तार (डीसीडी, लाइन जोडलेली असल्याची खूण) खरी दाखवली पाहिजे आणि डीटीआर (संगणक तयार असल्याची खूण) पडला की फोन ठेवला पाहिजे; इनिट स्ट्रिंगमध्ये एटी&सी1&डी2 असू द्या. मेलर सुरू होताच 'कोणीतरी लाइनवर आहे' असं समजून हँडशेक मागत बसला तर खालचा थर कॅरिअर कायम चालू दाखवतोय. खऱ्या जुन्या पीसीला सीरिअल केबलने रास्पबेरी पाय जोडून तिथे टीसीपीसर चालवत असाल तर केबल नल-मोडेम हवी, आणि त्यात पायकडची डीटीआरची तार पीसीच्या डीसीडीवर यायला हवी. तीन तारांची स्वस्त केबल टर्मिनलला पुरते, मेलरला पुरत नाही.

वेग फॉसिलमध्ये आणि मेलरमध्ये सारखाच लॉक करा. 38400 पुरेसा आहे. डॉसबॉक्सचा मोडेम खरा वेग काहीही असला तरी 'कनेक्ट 57600' म्हणतो, म्हणून मेलरच्या उत्तरांच्या यादीत ती ओळ हवी. खोटा मोडेम नुसतं 'कनेक्ट' म्हणत असेल तर हेझच्या जुन्या रिवाजानुसार त्याचा अर्थ 300 बॉड होतो. मग किमान वेगाची अट लावलेला मेलर फोन ठेवून देतो, किंवा 300 च्या हिशेबाने इवलेसे ब्लॉक पाठवत बसतो.

एवढं नीट असूनही बंडल अडकतं. आता मूळ मुद्दा.

टेलनेटचं मानक 1983 चं, आरएफसी 854. त्यात 255 हा बाइट आज्ञेची खूण म्हणून राखलेला आहे. तो आला की पलीकडचा टेलनेट पुढच्या बाइटला आज्ञा समजतो. पत्रातल्या मजकुरात 'परत पाठवा' हे शब्द दिसले म्हणून पोस्टमनने पत्र खरोखर परत न्यावं, तसा प्रकार. मजकुरात खराच 255 पाठवायचा असेल तर तो दोनदा पाठवायचा, पलीकडच्याने दोनाचा एक करायचा, असा नियम आहे. दोन्ही टोकांनी तो पाळला तर काहीच बिघडत नाही. एका टोकाला टेलनेट आणि दुसऱ्या टोकाला कोरा (टेलनेटच्या नियमांशिवायचा) टीसीपी असेल तर मात्र प्रत्येक 255 ला गोंधळ होतो.

हँडशेक का पार पडतो ते आता कळेल. एम्सीचे पॅकेट साध्या छापील अक्षरांचे असतात, त्यात 255 येतच नाही. झिप बंडलमध्ये मात्र सगळे बाइट साधारण सारख्याच प्रमाणात असतात, म्हणजे 1024 बाइटच्या ब्लॉकमध्ये सरासरी चार वेळा 255 येणार. झेडमोडेम काही नियंत्रण-बाइट झाकून पाठवतो, एक्सऑन-एक्सऑफ त्यात येतात, पण 255 सहसा तसाच जाऊ देतो. सीआरसी चूक पकडते, ब्लॉक पुन्हा मागवते, पुन्हा तोच 255 तिथेच गिळला जातो. ब्लॉक लहान केले तरी बाइट तोच राहतो. म्हणून जागा बदलत नाही.

पॉइंट असणाऱ्यांना तर झिप न करता पाठवलेलं छोटं पॅकेटही अडकल्याचा अनुभव येतो आणि त्यांचा या स्पष्टीकरणावरचा विश्वास उडतो. पण तेही याच हिशेबात बसतं. एफएससी-0048 या फिडोनेटच्या दस्तऐवजाप्रमाणे पॅकेट बनवणारा टॉसर (मेल बांधणारा-सोडवणारा प्रोग्राम) पॉइंटकडून जाणाऱ्या पॅकेटच्या हेडरमध्ये मूळ नेटचा आकडा उणे एक ठेवतो, आणि उणे एक म्हणजे सलग दोन 255. मजकूर नुसता 'नमस्कार' असला तरी हेडरमध्ये ते दोन बाइट बसलेलेच असतात.

कोणतं टोक चुकतंय हे ओळखायला मेलर बाजूला ठेवा. 0 ते 255 असे सगळे बाइट क्रमाने असलेली 256 बाइटची फाइल बनवा. दुसऱ्या मशिनवर नेटकॅट या कच्चे बाइट देणाऱ्या-घेणाऱ्या साधनाला एखाद्या पोर्टवर ऐकायला बसवा आणि येईल ते हेक्समध्ये दाखवायला सांगा. मग डॉसमधल्या टेलिक्ससारख्या टर्मिनलवरून त्याच खोट्या मोडेमने तिथे फोन लावा आणि ती फाइल कच्ची, म्हणजे कोणताही प्रोटोकॉल न लावता पाठवा. टर्मिनल ओळींच्या शेवटांची उलटापालट करणार नाही अशी सेटिंग आधी करून घ्या. नेटकॅटला टेलनेट कळत नाही, म्हणून तुमच्या बाजूने जे खरोखर बाहेर पडतं ते तिथे उघडं दिसतं. शेवटी एकच 255 आला तर तुमचा मोडेम कोरा आहे. दोन आले, किंवा सुरुवातीलाच 255-253 अशा जोड्या दिसल्या, तर तो टेलनेट बोलतोय. उलट दिशाही बघा: नेटकॅटमधून तीच फाइल डॉसकडे पाठवा आणि टर्मिनलच्या कॅप्चरमध्ये किती बाइट उतरले ते मोजा. काही पूल (खोट्या मोडेमचं काम करणारे प्रोग्राम) समोरून पहिलाच बाइट 255 आला तरच टेलनेट धरतात, नाहीतर कोरे राहतात; त्यांची परीक्षा नेटकॅटबरोबर एक निकाल देते आणि खऱ्या टेलनेट सर्व्हरबरोबर दुसरा. शंका असेल तर दोन्ही करा.

निकाल कळला की दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दोन्ही टोकांना टेलनेट. डॉसबॉक्सच्या मोडेममध्ये एटी+नेट1 ही आज्ञा टेलनेट चालू करते, +नेट0 बंद करते. ती मेलरच्या इनिट स्ट्रिंगमध्येच टाका, म्हणजे दर फोनआधी लागू राहील, आणि मग वरची परीक्षा पुन्हा घ्या. नेटफॉस टेलनेट स्वतः सांभाळतो, पण त्याला 32 बिटी विंडोजचं एनटीव्हीडीएम (डॉस प्रोग्राम चालवणारा भाग) लागतं. 64 बिटी विंडोजवर 16 बिटी डॉस प्रोग्राम चालतच नाहीत, तेव्हा तिथे वेळ घालवू नका. डॉसबॉक्स किंवा व्हर्च्युअल मशिन घ्या.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: टेलनेटच काढून टाका. ज्या नोडला आयएफसी फ्लॅग आहे तो पोर्ट 60179 वर कोऱ्या टीसीपीवर एम्सी बोलतो. खोटा मोडेम कोरा ठेवायचा आणि तिथे फोन लावायचा. 255 ची भानगड मुळातच उरत नाही. हा फ्लॅग असलेले नोड आता कमी आहेत, पण ओळखीचा सिसॉप असेल तर त्याला असं एक दार उघडायला सांगणं दोन टोकांच्या टेलनेटची समजूत काढण्यापेक्षा सोपं जातं.

255 चं निस्तरलं आणि तरीही मोठी बंडलं अडकतात, फक्त आता सुरुवातीला नाही तर बरंच पुढे गेल्यावर, अशी तक्रार काही जण करतात. ती निराळ्या नियमाची करामत. टेलनेटच्या साध्या अवस्थेत सीआर म्हणजे 13 या बाइटनंतर एलएफ किंवा शून्य यायलाच हवा, आणि घेणारा ते शून्य टाकून देतो. बंडलमध्ये योगायोगाने 13 नंतर 0 आलं की ते 0 नाहीसं होतं. अशी जोडी सरासरी 65,536 बाइटमध्ये एकदा येते, म्हणून लहान बंडलं सुखरूप जातात आणि मोठी मधेच मरतात. अडकण्याची जागा हीच इथे सगळ्यात उपयोगी खूण आहे: पहिल्या एक-दोन ब्लॉकमध्ये अडकलं तर 255 कडे बघा, दहा-वीस किलोबाइट निर्धास्त गेल्यावर अडकलं तर 13-0 कडे. उपाय म्हणजे बायनरी पर्याय, आरएफसी 856, आणि तो दोन्ही दिशांनी मंजूर व्हायला हवा. एकाच दिशेने झाला तर मेल येईल पण जाणार नाही, किंवा उलट. तुमच्या पुलात बायनरीची सेटिंग नसेल तर पूल बदला, त्याच्याशी भांडू नका.

बाहेरून येणाऱ्या फोनचं प्रकरण वेगळं. घरच्या जोडणीला सार्वजनिक आयपी आहे का ते आधी बघा. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी रिंग येणार नाही. आपल्याकडच्या घरगुती आणि मोबाइल जोडण्यांवर हे सर्रास असतं. अशा वेळी स्वतःच ठराविक वेळाने पोल करा, अपलिंककडे मेल होल्डवर ठेवायला सांगा. पत्ता सार्वजनिक असेल तर पोर्ट 23 मात्र उघडू नका. 2016 मध्ये मिराय हा मालवेअर पसरला तेव्हापासून 23 आणि 2323 वर पासवर्ड चाचपणाऱ्या बॉटची रीघ असते. मेलर बिचारा प्रत्येकाला एम्सी विचारतो, मुदत संपेपर्यंत वाट पाहतो, आणि तेवढा वेळ तुमची एकुलती एक लाइन अडकून राहते. भलताच पोर्ट घ्या, अपलिंकला कळवा, आणि जमलं तर फायरवॉलमध्ये फक्त त्याचा पत्ता सोडा.

मेल रोज बिनबोभाट यावी एवढंच हवं असेल आणि फ्रंटडोअरचा तो निळा पडदा जिवंत फोन लावताना बघण्याची हौस नसेल, तर हे सगळं करूच नका. पुढे बिंकडी बसवा. तो बिंकपी बोलतो, त्याला मोडेम लागत नाही, फॉसिल लागत नाही. बिंकलेटर्मची जी आउटबाउंड फोल्डरची पद्धत आहे तीच तो वापरतो: नेट आणि नोड सोळाच्या पायात लिहून आठ अक्षरांचं फाइलनाव, नेट 100 नोड 200 असेल तर 006400सी8. त्यामुळे बिंकलेटर्मसोबतचा जुना टॉसर आणि संदेश-संपादक जसेच्या तसे राहतात. फ्रंटडोअरवाल्यांना थोडं जास्त काम पडतं, कारण तो आउटबाउंडऐवजी नेटमेलच्या फोल्डरमध्ये फाइल जोडलेले संदेश ठेवतो; टॉसरला बिंकलेच्या पद्धतीने लिहायला सांगावं लागतं. दोन्ही मेलर एकाच फोल्डरवर चालवणार असाल तर बीएसवाय ही कुलुपाची फाइल दोघेही मानतात का ते तपासा. आणि मशिन मधेच बंद पडलं तर ती फाइल मागे राहते. मग त्या नोडला कोणीच फोन लावत नाही आणि लॉगमध्येही काही दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर, पुढचा फोन लावण्याआधी, इनबाउंड फोल्डर उघडा आणि अर्धवट उतरलेली बंडलं हलवा. झेडमोडेम तुटलेली फाइल जिथे राहिली तिथून पुढे घेतो. तो अर्धा तुकडा जुन्या गोंधळात इकडेतिकडे झालेला असेल तर लाइन स्वच्छ असूनही पुढचा चांगला भाग त्याच्याच मागे जोडला जाईल. झिप उघडणार नाही, टॉसर ते बाजूला टाकेल, आणि तुम्ही नीट बसलेली सेटिंग पुन्हा उपटायला घ्याल. फोल्डर रिकामं करून अपलिंकला ते बंडल पहिल्यापासून पाठवायला सांगा. त्याच्या बाजूला तुमच्याकडून गेलेली अर्धी फाइल पडली असेल तर तीही काढायला सांगा.